छंदातला सौदा

पोस्टाची तिकिटं जमवणाऱ्या मंडळींना एक गोष्ट तोंडपाठ असते. ब्रिटिश गयाना या दक्षिण अमेरिकेतल्या वसाहतीत १८५६ साली लंडनहून येणारी तिकिटं वेळेवर पोचली नाहीत. मग पोस्टमास्तरांनी जॉर्जटाउनमधल्याच छापखान्यातून कामचलाऊ तिकिटं छापून घेतली. त्यांतलं १ सेंटचं, किरमिजी कागदावरचं एकच तिकीट आज जगात आहे. १८७३ साली ते व्हर्नन व्हॉन नावाच्या १२ वर्षांच्या मुलाला घरातल्या जुन्या पत्रांत सापडलं. कोपरे कापलेलं, कळकट. त्यानं ते तिथल्याच नील मॅकिनन या संग्राहकाला ६ शिलिंगांना विकलं.

मॅकिनननी १८७८ साली आपला संग्रह लिव्हरपूलच्या टॉमस रिडपाथ या व्यापाऱ्याला १२० पौंडांना दिला. रिडपाथनं त्यातलं हे एकच तिकीट थोड्याच दिवसांत पॅरिसच्या फेरारीला विकलं. त्या एकाचेच सुमारे १५० पौंड आले म्हणतात. २०१४च्या लिलावात त्याची किंमत जवळजवळ ९५ लाख डॉलर झाली.

ही गोष्ट सांगताना प्रत्येक जण त्या मुलासाठी हळहळतो. पण त्याला फसवलं कुणी? मॅकिननना तरी त्याचं मोल कुठे ठाऊक होतं? ते तिकीट त्यांनी ५ वर्षं आपल्याजवळ ठेवलं. रिडपाथ तर दुकानदारच. घेऊन विकणं हा त्याचा धंदा, आणि तो मॅकिननना माहीत होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १४ मे १९१८ला वॉशिंग्टनमध्ये विल्यम रोबी या तिकीटवेड्यानं पोस्टात २४ डॉलर मोजून १०० तिकिटांचा अख्खा ताव घेतला. बघतो तर चित्रातलं विमान उलटं छापलेलं! थोड्याच दिवसांत त्यानं तो ताव फिलाडेल्फियाच्या यूजीन क्लाइन या व्यापाऱ्याला १५,००० डॉलरला विकला. क्लाइननं तो लगोलग कर्नल ग्रीन या धनाढ्य संग्राहकाला २०,०००ला दिला. काही दिवसांत ५,००० डॉलरचा नफा! तरी क्लाइननं कुणाचा विश्वास मोडला, असं मला वाटत नाही. रोबीनं बरेच ग्राहक पाहून, बाजारभावानं विकलं होतं.

आता माझा नफा सांगतो. फक्त ७०० रुपये.

बरीच वर्षं झाली. आमच्या ओळखीच्या एका वयस्कर संग्राहकांकडून मी हैदराबाद संस्थानाचं तिकीट लावलेलं एक पाकीट घेतलं. काकांनी ३०० रुपये सांगितले. मी घासाघीस करायला तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, "बाजारात जास्त येतील रे, पण तुझ्याकडे नीट राहील." दहा दिवसांनी एका विक्रेत्यानं १००० देऊ केले आणि मी देऊन टाकलं. पुढच्याच प्रदर्शनात काकांना ते पाकीट त्याच्या टेबलावर दिसलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "विकायचंच होतं तर मला सांगायचंस की. मीच परत घेतलं असतं." त्यानंतर त्यांनी मला काही दाखवायला म्हणून घरी बोलावलं नाही.

तेव्हा मी मनातल्या मनात वाद घातला होता. पैसे मोजले, वस्तू माझी झाली, मग मी तिचं काहीही करीन! कायद्यानं हे बरोबरच आहे. पण क्लाइनच्या ५,००० डॉलरांत आणि माझ्या ७०० रुपयांत फरक होता. क्लाइनला कुणी सवलत दिली नव्हती. मला मिळाली होती, आणि ती मला नव्हती, त्या पाकिटाला होती. ते जपलं जाईल म्हणून काकांनी आपल्या पदरचे पैसे सोडले होते. मी विकले ते त्यांचे सोडलेले पैसे.

छंदातल्या सौद्यात ही अट कुणी कागदावर लिहीत नाही, म्हणून ती विसरणं सोपं जातं. आता मी दोनच गोष्टी पाळतो. लवकर विकायचा विचार असेल तर घेतानाच तसं सांगतो आणि पूर्ण भाव देतो. आणि मायेनं मिळालेलं काही विकायची वेळ आलीच, तर आधी ज्यानं दिलं त्याला विचारतो, त्याच जुन्या किमतीला.

काका आता नाहीत. ते पाकीट कुणाकडे आहे, कोण जाणे. नीट असावं.

असो.