सातांतली एक खेळी

संगणक-जाळ्यांच्या सुरक्षेचा इतिहास बहुधा चोर आणि कुलपाच्या भाषेत सांगितला जातो. मला तो पत्त्यांच्या डावासारखा वाटतो: समोरचा काय करील हे ताडूनच दोघेही पान टाकतात. अशा डावांचे गणित जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये मांडले. त्यातून पुढे गेम थिअरी उभी राहिली.

२ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने आपला ‘वर्म’ इंटरनेटवर सोडला. हा प्रोग्राम नव्या संगणकात शिरला की विचारी, ‘माझी प्रत इथे आहे का?’ उत्तर ‘हो’ आले तर थांबायचे. पण राखणदार खोटेच ‘हो’ म्हणतील, हे मॉरिसने ओळखले होते. म्हणून सातांतून एकदा होकार धुडकावण्याची सोय त्याने केली. ठरावीक प्रमाणात चाल बदलत राहणे, ही फॉन नॉयमन यांच्या गणितातली मिश्र खेळीच.

प्रमाण मात्र चुकले. हा प्रश्न त्याच्या अंदाजापेक्षा कितीतरी अधिक वेळा विचारला गेला, प्रतींवर प्रती साचल्या आणि यंत्रे ठप्प झाली. सुमारे ६०,००० पैकी दहा टक्के संगणक बाधित झाले, असा तेव्हाचा अंदाज होता.

मला अधिक बोलका वाटतो तो बचावाचा डाव. अनेकांनी आपले संगणक जाळ्यापासून तोडले. ज्याच्या त्याच्या दृष्टीने ते शहाणपणाचेच होते. पण उपाय ज्या ई-मेलने कळायचा, तीच वाट त्यामुळे बंद झाली. मॉरिसच्या मित्राने निनावी पाठवलेला उपायही जाळे तुंबल्याने वेळेवर पोचला नाही. स्वतःपुरते योग्य ते प्रत्येकाने केले आणि नुकसान सगळ्यांचे वाढले. कैद्यांच्या पेचाशी याचे जवळचे नाते आहे.

१९९० मध्ये मॉरिसला तीन वर्षांचे प्रोबेशन, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. माझ्या मते त्याहून मोलाचे होते नोव्हेंबर १९८८ मध्येच कार्नेगी मेलन विद्यापीठात उभे राहिलेले ‘सर्ट’ हे समन्वय केंद्र. संकटात कोणाला कळवायचे, हे आता आधीच ठरलेले होते.

पण नुसत्या विश्वासावर असा पेच सुटत नाही; गप्प बसण्याची किंमतही वाढवावी लागते. भारतात ‘सर्ट-इन’ने २०२२ च्या निर्देशांत अशा घटना सहा तासांत कळवणे बंधनकारक केले, ते याच तर्काला धरून. हल्ला लपवणाऱ्या संस्थेची अब्रू वाचते खरी. पण शेजारी बेसावध राहतो, आणि पुढचा डाव त्याच्यावर पडतो.