लेसरजन्य प्लाझ्मातील चुंबकी क्षेत्रे : एका नावाचा आणि एका भेदाचा इतिहास

शास्त्रीय परिभाषेतील एखादे नाव वस्तूच्या स्वरूपापेक्षा ती प्रथम दिसली तेव्हाचे आश्चर्यच अधिक नोंदवून ठेवते. १९७१ साली अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतील स्टँपर व त्यांचे सहकारी यांनी लेसरच्या स्पंदाने निर्माण झालेल्या प्लाझ्मात सुमारे एक किलोगॉस चुंबकी क्षेत्र मोजले आणि त्यास ‘स्वयंस्फूर्त’ हे विशेषण दिले. बाहेरून चुंबक लावलेला नसता क्षेत्र उद्भवले, एवढाच त्याचा अर्थ. ते निष्कारण उद्भवले, असा नव्हे.

कारण वीस वर्षांपूर्वीच सांगून झाले होते, परंतु निराळ्या शास्त्रात. ताऱ्यांच्या चुंबकत्वाचे मूळ शोधताना लुडविग बीरमान यांनी १९५० साली दाखविले की, इलेक्ट्रॉनांचा दाब केवळ स्थिर विद्युत्क्षेत्राने तोलला गेला नाही तर प्रवाह वाहू लागतो. तापमान व घनता एकाच दिशेने बदलत नसली म्हणजे ही स्थिती येते. लेसरच्या लक्ष्यावर ती अटळच होय : घनता पृष्ठभागाशी लंब दिशेने उतरते, तर तापमान किरणबिंदूच्या मध्यापासून कडेकडे. परिणामी बिंदूभोवती कंकणाकृती क्षेत्र तयार होते. १९६६ मध्ये कोरोबकिन व सेरोव्ह यांनी लेसरजन्य ठिणगीच्या चुंबकी क्षेत्राचा अभ्यास केलाच होता. १९७५ मध्ये स्टँपर व रिपिन यांनी प्रकाशाच्या ध्रुवणतलाच्या परिभ्रमणावरून मेगागॉस परिमाणाची क्षेत्रे दाखवून दिली.

त्याच वर्षी उष्णतावहनाचा प्रश्नही पुढे आला. लेसरचा प्रकाश एका विशिष्ट घनतेपलीकडे शिरू शकत नाही. तेथून आत ऊर्जा नेण्याचे काम मुख्यतः इलेक्ट्रॉनांचे. मॅलोन, मॅक्रोरी व मोर्स यांना असे आढळले की, हे वहन रूढ नियमाच्या अपेक्षेहून फार कमी धरले तरच प्रयोगांचा उलगडा होतो. क्षेत्रात इलेक्ट्रॉन घिरट्या घालतात व क्षेत्राच्या आडव्या दिशेने उष्णता मंद वाहते, हे ब्रॅगिन्स्की यांच्या १९६५ च्या विवेचनावरून ज्ञात असल्याने दोष चुंबकी क्षेत्राकडे जाणे स्वाभाविक होते. तथापि बेल, इव्हान्स व निकोलस यांनी १९८१ साली दाखविले की, तापमान अत्यंत तीव्रतेने उतरत असेल तेथे क्षेत्र नसतानाही रूढ नियमच अपुरा पडतो.

येथून अभ्यासाच्या दोन वाटा झाल्या : एक क्षेत्राची, दुसरी उष्णतेची. हा भेद गणिताच्या सोयीचा होता, निसर्गाचा नव्हे. निशिगुची व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखविल्याप्रमाणे उष्णतेचा प्रवाह क्षेत्राला आपल्याबरोबर घन भागाकडे वाहून नेतो. म्हणजे क्षेत्र उष्णतेला अडविते आणि उष्णता क्षेत्राला हलविते. पुढे २०२० साली शेरलॉक व बिसेल यांनी याहून खोलचा संबंध उघड केला : रूढ नियम मोडणारे दूरगामी इलेक्ट्रॉन बीरमान यांची ‘बॅटरी’च दुर्बल करतात.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील २००२ चा प्रयोगही येथे उल्लेखनीय आहे. तेथे मोजलेले २७ मेगागॉसचे क्षेत्र अवघे सहा पिकोसेकंद टिकले. त्याचा उगम वेगवान इलेक्ट्रॉनांच्या प्रवाहात होता. परंतु त्याच्या ऱ्हासावरूनच प्लाझ्मातील प्रतिप्रवाह किती त्वरेने विरतात हे कळून आले.

डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत २.०५ मेगाज्यूल लेसरऊर्जेने ३.१५ मेगाज्यूल संमीलनऊर्जा दिली. अशा प्रयोगांत ऊर्जा नेमकी कोठे पोहोचते यावरच यशापयश अवलंबून असते. यास्तव क्षेत्र आणि उष्णता यांची प्रकरणे वेगवेगळी लिहिण्याची रीत यापुढे पुरेशी ठरणार नाही.