क्लोरीनयुक्त द्रावकांचे जैवविघटन, भूजलातील

टेट्राक्लोरोएथिलीन (पीसीई), ट्रायक्लोरोएथिलीन (टीसीई) यांसारख्या द्रावकांनी दूषित झालेल्या भूजलात सूक्ष्मजंतूंकडून होणारे या द्रावकांचे विघटन. पीसीई मुख्यत्वे ड्राय क्लीनिंगसाठी, तर टीसीई धातूच्या भागांवरचे तेल-ग्रीस काढण्यासाठी वापरले गेले. दोन्ही पाण्याहून जड (घनता सुमारे 1.62 व 1.46) असल्याने सांडलेले द्रावक भूजलपातळीच्याही खाली उतरते, चिकणमातीच्या थरावर साचते आणि वर्षानुवर्षे थोडेथोडे विरघळत राहते.

ऑक्सिजन संपलेल्या थरांत काही जीवाणू श्वसनासाठी ऑक्सिजनऐवजी ही द्रावकेच वापरतात. दर पायरीला रेणूतील एक क्लोरीन अणू सुटून त्याजागी हायड्रोजन बसतो. पीसीईपासून टीसीई, मग सिस-डायक्लोरोएथिलीन, व्हिनाइल क्लोराइड आणि अखेर निरुपद्रवी एथिलीन असा हा क्रम आहे. पहिल्या दोन पायऱ्या अनेक जीवाणूंना जमतात. पुढची मजल मुख्यत्वे डीहॅलोकोकॉइडिस प्रजातीच मारते. ती पुरेशी नसेल तर काम मध्येच अडते. कर्करोगकारक व्हिनाइल क्लोराइड साचले, तर ही अर्धवट सफाई मूळ प्रदूषणाहून वाईट ठरते. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे, व्हिनाइल क्लोराइडची 2. पीसीईचे एथिलीन करणारा जीवाणू कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी वेगळा केल्याचे 1997 मध्ये प्रसिद्ध झाले.

नैसर्गिक विघटनावर विसंबायचे, तर नुसती घटलेली पातळी हा पुरावा नव्हे. पाणी मिसळूनही ती घटते. एथिलीनचे अस्तित्व आणि उरलेल्या द्रावकात वाढलेले कार्बन-13 चे प्रमाण ही अधिक भरवशाची चिन्हे होत.

प्रक्रियेला वेग देण्यासाठी विंधनछिद्रांतून मळी, लॅक्टेट किंवा वनस्पती तेलाचे पायस जमिनीत सोडतात. ते आंबून हायड्रोजन मिळतो व जीवाणूंचे पोषण होते. मात्र मात्रा जास्त झाली की मिथेन वाढतो, पाणी आम्लधर्मी होते. योग्य जीवाणू मुळातच नसतील, तर त्यांचे विरजण बाहेरून घालावे लागते. टेक्सासमधील केली हवाई तळावर केबी-1 नावाचा जीवाणूसंच सोडल्यावर सुमारे 200 दिवसांत पीसीई, टीसीई व सिस-डायक्लोरोएथिलीन लिटरला 5 मायक्रोग्रॅमखाली आले. तो न सोडलेल्या तुलनेच्या भूखंडांत, पोषण देऊनही, प्रक्रिया सिस-डायक्लोरोएथिलीनवरच थांबली.