जोडीने डोंगर चढण्याची चाल

अहमदनगर जिल्हा, ज्याचे नामाभिधान आता अहिल्यानगर असे झाले आहे, तो परमुलखातल्या माणसाच्या मनात दुष्काळाचा, साखर कारखान्यांचा आणि शिर्डीचा जिल्हा म्हणून वसलेला असतो. डोंगर म्हटला की त्याचे चित्त पुण्याकडे, साताऱ्याकडे किंवा नाशिककडे धावते. वस्तुतः महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर, 1646 मीटर उंचीची कळसूबाई, ह्याच जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात नाशिकच्या शिवेवर उभी आहे. सह्याद्रीची मुख्य रांग ह्या जिल्ह्याला केवळ अकोल्यात स्पर्श करते. परंतु तिच्यापासून फुटलेले कळसूबाईचे, बाळेश्वराचे आणि हरिश्चंद्रगडाचे फाटे पूर्वेकडे पसरत जाऊन प्रवरा आणि मुळा ह्या नद्यांची खोरी आखून देतात आणि थेट नगर शहराच्या परिसरापर्यंत लहानमोठ्या टेकड्यांच्या रूपाने आपले अस्तित्व राखून असतात. ह्या डोंगरांवर पती-पत्नींनी जोडीने चढावे, वाटेत बसून शिदोरी सोडावी, माथ्यावरचा वारा खावा आणि संध्याकाळच्या आत घरी परतावे, ही गोष्ट अलीकडच्या नागरी जीवनाची देणगी आहे असे समजण्याचा प्रघात पडला आहे. मला हा समज इतिहासाला धरून वाटत नाही. सुशिक्षित पांढरपेशा जोडपी डोंगरावर उशिरा आली हे खरे; पण ती आली तेव्हा तेथे वाट मळलेली होती, आणि ती मळणारी पावलेही जोडप्यांचीच होती.

प्रथम हरिश्चंद्रगडाचा विचार करावा. ठाणे, पुणे आणि नगर ह्या तीन मुलखांच्या संधीवर हा अवाढव्य गड बसलेला आहे, आणि त्याच्या तीन शिखरांची नावे हरिश्चंद्र, तारामती आणि रोहिदास अशी आहेत. राज्य दान देऊन बसलेला राजा, त्याच्यामागून राजवाड्याबाहेर पडलेली राणी आणि त्या दोघांचे बोट धरून चालणारे पोर, असे एक संबंध कुटुंब लोकांनी ह्या सह्यकड्यावर कायमचे वस्तीस आणले आहे. त्यांतही सर्वांत उंच शिखर, 1429 मीटरांचे, राजाच्या नव्हे तर राणीच्या नावाने ओळखले जाते, हे मला विशेष अर्थपूर्ण वाटते. पुराणातील ह्या दांपत्याची कथा मुळात पायपिटीचीच कथा आहे. अयोध्येपासून काशीपर्यंत अनवाणी चाललेल्या जोडप्याचे स्मरण ज्या समाजाने डोंगराच्या माथ्यावर करून ठेवले, त्या समाजाला पती-पत्नींनी एकत्र वाट चालणे अपरिचित होते असे कोण म्हणेल?

गडावरचे हरिश्चंद्रेश्वराचे देवालय, केदारेश्वराच्या गुहेतील कंबरभर थंडगार पाण्यात उभे असलेले प्रचंड शिवलिंग आणि त्याभोवतीच्या चार खांबांपैकी आज शाबूत राहिलेला एकुलता एक खांब, ह्यांची वर्णने पुष्कळांनी केली आहेत. चांगदेवांनी येथे तप केले आणि आपला तत्त्वसार हा ग्रंथ चौदाव्या शतकात येथेच सिद्धीस नेला. महाशिवरात्रीस पाचनईच्या बाजूने आणि खिरेश्वराहून तोलार खिंडीतून जी रयत वर चढते, तिच्यात योगी आणि अभ्यासक थोडे. बहुतेक सारी शेतकरी कुटुंबे असतात, आणि नवस बोललेला असेल तर तो फेडावयास नवरा-बायकोंनी जोडीनेच जावे असा शिरस्ता आहे. नवस दोघांचा, तर चढणही दोघांची. पश्चिमेस अर्धवर्तुळाकार कोरल्यासारखा कोकणकडा आहे. कर्नल साइक्स ह्या इंग्रज अधिकाऱ्याने ह्या कड्यावरून खालच्या धुक्यात पाहिलेल्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचे, म्हणजे इंद्रवज्राचे, वर्णन 1835 साली विलायतेत छापून प्रसिद्ध केले, आणि तेव्हापासून हा कडा विद्वानांच्या दप्तरी दाखल झाला. डोंगरकोळी माणसाच्या दप्तरी तो त्यापूर्वी कित्येक शतके होता.

कळसूबाईची हकीकत तर ह्याहून विलक्षण आहे. कळसू ही कोळ्याची पोर. रानावनात हिंडण्याची तिला अतोनात हौस. ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावी येऊन एका घरी चाकरीस राहिली. मात्र राहताना तिने अट घातली की भांडी घासण्याचे आणि केरकचरा काढण्याचे काम मी करणार नाही. एके दिवशी घरातील कोणी तिला नेमकी तीच कामे सांगितली. कळसूने ती केली, आणि केल्याबरोबर उठून जी डोंगर चढून गेली ती पुन्हा खाली आली नाही. जेथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ आणि जेथे कचरा काढला ती काळदरा, अशी ठिकाणे लोक अजून सांगतात. इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांनीही ही कथा टिपून ठेवली. महाराष्ट्रातील सर्वांत उंच जागेवर ज्या देवीची स्थापना झाली ती असुरमर्दिनी नाही, राजकन्याही नाही. हिंडण्याचा आपला हक्क न सोडणारी ती एक मोलकरीण पोर आहे, आणि सबंध परगण्याने तिच्यापुढे माथा टेकावा ही घटना आमच्या सामाजिक इतिहासात जितकी ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तितकी नोंदली गेली नाही, ह्याची खंत वाटते.

नवरात्रात बारी गावाकडून पहाटे चढू लागले म्हणजे ह्या भक्तीचे खरे स्वरूप दृष्टीस पडते. भाताची खाचरे मागे पडतात, ओढा ओलांडला की चढण लागते, आणि पुढे उभ्या कातळाला लावलेल्या लोखंडी शिड्या एकामागून एक येतात. ह्या शिड्या बसण्यापूर्वी कातळातल्या खोबण्यांत पाय रोवून आणि साखळदंड धरून लोक वर जात असत. पुरुषाच्या खांद्यावरच्या पिशवीत नारळ, उदबत्त्या आणि पाण्याची बाटली. बाईच्या पदराच्या गाठीला खण, हळदकुंकवाची पुडी आणि मूठभर तांदूळ. नऊवारीचा काष्टा आवळून शिडी चढणाऱ्या बाईला कोणी हात देऊ लागले तर ती बहुधा तो नाकारते, आणि वर पोहोचल्यावर मागून येणाऱ्या नवऱ्याची पिशवी मात्र आपल्या हाती घेते. शेवटच्या शिडीच्या अलीकडे एक विहीर आहे. तेथे तोंड धुऊन, पदर सारखा करून मगच देवीपुढे जायचे. माथ्यावरचे देऊळ इतके लहान आहे की त्यात एका वेळी दोघातिघांहून अधिक माणसे उभी राहू शकत नाहीत. म्हणून लोक रांगेने थांबतात आणि एकेक जोडपे आत जाते. बाई ओटी भरते, पुरुष नारळ वाढवतो, आणि दोघे मिळून पाया पडतात. त्यानंतर मात्र घाई कोणालाच नसते. कड्याच्या आडोशाला भाकरी सोडून भंडारदऱ्याच्या पाण्याकडे, अलंग-मदन-कुलंगच्या कातळांकडे आणि दूर रतनगडाच्या नेढ्याकडे बोटे दाखवीत बसलेली ही माणसे देवदर्शनास आली की सहलीस, असा प्रश्न विचारणे मला व्यर्थ वाटते. कारण त्यांच्या लेखी ह्या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच.

नगर शहराच्या आसपासची परंपरा निराळ्या वळणाची आहे. 1490 साली मलिक अहमदाने निजामशाहीचा पाया घातला; त्या राज्यातील कर्ता वजीर सलाबतखान दुसरा ह्याने शहराच्या पूर्वेस शाह डोंगरावर आपल्या हयातीतच आपली अष्टकोनी तीन मजली कबर उठविली. लोक तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. इतिहासाच्या दृष्टीने हे नाव चुकीचे असले तरी ते बदलण्याचा आग्रह मी धरणार नाही. हुसेन निजामशहाची ही कन्या विजापूरच्या अली आदिलशहास दिली होती, आणि पतीबरोबर ती घोड्यावरून शिकारीस आणि मोहिमांवर जात असे असे सांगतात. हातावर बहिरी ससाणा घेतलेली अश्वारूढ चांदबीबी हा तर दख्खनी चित्रकारांचा पुढे आवडता विषय झाला. 1595-96 मध्ये मोगलांच्या वेढ्यात नगरचा कोट लढवणारी चांदबीबी सर्वांना ठाऊक आहे. नवऱ्याच्या बरोबरीने रान तुडविणारी चांदबीबी फारशी कोणी ध्यानात घेत नाही. पहाटे ह्या डोंगरावर फिरावयास जाणाऱ्या नगरकर जोडप्यांनी ती ध्यानात घ्यावी.

1803 साली वेलस्लीने नगरचा किल्ला शिंद्यांकडून घेतला आणि पेशवाईच्या अखेरीनंतर येथे कंपनी सरकारचा अंमल बसून छावणी कायम झाली. गोऱ्या पलटणींच्या आजारी शिपायांना हवापालटासाठी सलाबतखानाच्या कबरीत नेऊन ठेवीत. वांबोरीच्या वाटेवरील डोंगरगणच्या झाडीभरल्या दरीला साहेबलोकांनी हॅपी व्हॅली असे नाव दिले आणि तेथे मडमांसह ते वनविहारास जाऊ लागले. देवाचे निमित्त न करता, केवळ चित्तविनोदनासाठी पती-पत्नींनी डोंगरावर जावे हा नमुना शहरवासीयांनी प्रथम पाहिला तो येथे. पाहिला, पण उचलला मात्र नाही. त्या काळी आमच्या पांढरपेशा समाजाची वहिवाट अशी होती की विवाहित स्त्रीने बाहेर पडावे ते आवळीभोजनास, तेही बायकांच्या मेळाव्यात. आनंदीबाई जोशी आपल्या पतीबरोबर उघड्यावर फिरावयास जात, एवढ्यावरून लोकांनी त्यांची जी कुचेष्टा केली ती सर्वश्रुत आहे. नगरात ज्यांच्या संसाराचा मोठा काळ गेला त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या भटक्या स्वभावाची आणि त्यापायी लक्ष्मीबाईंना सोसाव्या लागलेल्या वियोगाची कहाणी स्मृतिचित्रांत आली आहे. हिंडणे नवऱ्याचे आणि वाट पाहणे बायकोचे, ही त्या वर्गाची वाटणी होती. त्याच काळी अकोल्याची ठाकरीण आणि कोळीण नवऱ्याच्या बरोबरीने हिरडा वेचीत, मोळ्या वाहत, घाट उतरून कोकणातल्या बाजारास जात होती. हा भेद शिक्षणाचा नव्हता, प्रतिष्ठेच्या कल्पनेचा होता, आणि त्यात डोंगरातल्या माणसांची रीत अधिक निरोगी होती असा माझा स्पष्ट अभिप्राय आहे.

धावण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आज पहाटे रस्त्यांवर जोडीने धावणारी माणसेही दिसू लागली आहेत. पूर्वी धावणे हा पेशा होता. जासूद आणि हलकारे खलिते घेऊन मजल दरमजल धावत, आणि सरकारी टपालही पुढे काही काळ अशाच पायांवर चालले. हौसेचे सामुदायिक धावणे टिकले ते नवरात्राच्या ज्योतीत. तुळजापूरहून किंवा मोहट्याहून पेटवलेली मशाल आळीपाळीने हाती घेऊन गावची पोरे अनवाणी धावत आपल्या वेशीत आणतात. स्त्रियांना त्यात फारसा वाव नव्हता. आजची धावणारी जोडपी ह्या बाबतीत खरोखरच नवी आहेत, आणि त्यांचे स्वागत असो.

पांढरपेशांची जोडपी डोंगरात आणणारी गोष्ट म्हणजे भंडारदऱ्याचे धरण. प्रवरेवरचे हे सुमारे 270 फूट उंचीचे दगडी धरण 1910 ते 1926 ह्या काळात बांधले गेले, आणि गव्हर्नर सर लेस्ली विल्सन ह्यांच्या हस्ते डिसेंबर 1926 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. धरणासाठी रस्ता आला, रस्त्याबरोबर विश्रामगृहे आली, आणि स्वातंत्र्योत्तर काळात एसटी आली. मग रंधा धबधबा, रतनवाडीचे अमृतेश्वराचे शिल्पसंपन्न देऊळ आणि पावसाळ्याच्या तोंडावर झाडे लखलखवून सोडणारे काजवे पाहण्यासाठी नवविवाहितांनी येथे येण्याची पद्धत रूढ झाली. 1954 साली मुंबईत गिरिविहार ही गिर्यारोहणाची संस्था निघाली, गो. नी. दांडेकरांच्या लेखणीने घरोघरच्या वाचकांना गडांची ओढ लावली. आणि पाठीवर पिशवी टाकून गडावर मुक्काम करणारी तरुण-तरुणी पुढे संसारी झाल्यावरही ती वाट सोडीनाशी झाली. 1986 साली हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

ह्या नव्या हौसेने पायथ्याच्या गावांतही एक नवी जोडी उभी केली आहे. बारीत, पाचनईत, रतनवाडीत घराच्या ओसरीवर पाहुण्यांची सोय होते. नवरा वाटाड्या म्हणून पुढे चालतो आणि बायको पिठले, नागली-तांदळाच्या भाकऱ्या आणि ठेचा रांधून ठेवते. पुष्कळदा तीही डोक्यावर लिंबू-सरबताचे सामान घेऊन दिवस उगवण्यापूर्वी कळसूबाईच्या अर्ध्या चढणीवर जाऊन बसलेली असते. शहरातले जोडपे वर्षातून एकदा ज्या चढणीचे कौतुक करून घेते ती ह्या जोडप्याची रोजची कचेरी आहे. त्यांच्या मोबदल्यात घासाघीस करणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या दृश्याने मन फार विषण्ण झाले आहे.

म्हणून ह्या डोंगरांत जोडीने जाऊ इच्छिणाऱ्या वाचकांस माझी विनंती आहे. शक्य तर श्रावणातल्या शनिवार-रविवारची झुंबड टाळावी आणि थंडीच्या दिवसांत, आडवारी जावे. जेवण शहरातून बांधून न नेता पायथ्याच्या घरी सांगावे आणि मागितले तेवढे पैसे द्यावे. केदारेश्वराच्या पाण्यात साबण नेऊ नये, काजव्यांवर विजेऱ्या पाजळू नयेत, कोकणकड्याच्या धारेवर तंबू ठोकू नये, आणि वर नेलेली प्रत्येक बाटली व पिशवी आपल्याच हातांनी खाली आणावी.