देणं कुणाचं, फेडलं कुणी

"मारामारीवर काय लिहितीस गं?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचंही खरंच आहे. पाणी गाळून पिणारं आपलं घर, तिथे मुष्टियुद्धाचं कौतुक कशाला? पण जो लुई या अमेरिकन मुष्टियोद्ध्याची हकीकत वाचली आणि मला तिच्यात ठोसे कमी, हिशोबच जास्त दिसला. हिशोब तर आपल्या घरातल्या बायकांना चांगलाच कळतो. म्हणून लिहायला बसले.

जोसेफ लुई बॅरो हे त्याचं पूर्ण नाव. जन्म 13 मे 1914 चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या अलाबामा राज्यात, शेतात राबणाऱ्या काळ्या कुटुंबात. आठ भावंडांत हा सातवा. वडिलांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेलं. आई लिलीने पुढे दुसरं लग्न केलं आणि 1926 साली सगळी मंडळी पोटासाठी उत्तरेला डेट्रॉईट शहरात आली. पोराने काही कला शिकावी म्हणून आई व्हायोलिनच्या शिकवणीला पैसे देई. पोराने ते मुष्टियुद्ध शिकण्यात घातले! आईचे असे पैसे आपल्याही घरातून किती वाटांनी जातात, ते आपल्याला ठाऊक आहे.

1934 साली तो पैसे घेऊन लढू लागला. त्याच्या आधी जॅक जॉन्सन हा पहिला काळा हेवीवेट विजेता होऊन गेला होता. त्याचं ताठ वागणं गोऱ्यांना सहन झालं नव्हतं. म्हणून लुईच्या व्यवस्थापकांनी त्याला नियमच घालून दिले: पडलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे हसायचं नाही, गोऱ्या बाईबरोबर फोटो काढायचा नाही. जिंकायचं, पण जिंकल्याचा आनंद दाखवायचा नाही. नव्या सुनेला असतात तसलेच हे नियम, असं मला वाटून गेलं.

1936 साली जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगने त्याला बाराव्या फेरीत पाडलं. नाझींनी तो विजय आपल्या वंशाचा म्हणून मिरवला. पुढच्या वर्षी 22 जून 1937 ला ब्रॅडॉकला हरवून लुई जगज्जेता झाला, पण श्मेलिंगची हार मनात होतीच. बरोबर वर्षाने, 22 जून 1938 ला, न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजार लोकांसमोर दोघे पुन्हा उभे राहिले. 2 मिनिटं 4 सेकंदांत सगळं संपलं. श्मेलिंगच्या मणक्याला इजा झाली, इस्पितळात न्यावं लागलं. त्या रात्री सारी अमेरिका लुईला 'आपला' म्हणाली. मात्र त्याच अमेरिकेत कितीतरी ठिकाणी त्याला गोऱ्यांच्या शेजारी बसून जेवता येत नव्हतं.

युद्ध सुरू झालं. 1942 च्या जानेवारीतल्या लढतीची आपली कमाई त्याने नौदलाच्या मदतनिधीला दिली. त्या वेळी नौदलात काळ्या माणसाला काम मिळे ते बहुतेक स्वयंपाकघरातलं आणि वाढप्याचं. तरी दिली. मार्चमधल्या लढतीची कमाई सैन्याच्या निधीला दिली. स्वतः साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि सैनिकांपुढे प्रदर्शनी सामने करत देशोदेशी फिरला.

आणि युद्धानंतर सरकारने प्राप्तिकराची थकबाकी काढली. दान केलेल्या पैशांवरही कर धरला. तो स्वतः उधळ्या होता, मागेल त्याला द्यायचा, हेही खरं. व्याज वाढत गेलं, आकडा दहा लाख डॉलरच्या पुढे पोचला. बारा वर्षं जगज्जेतेपद, 25 वेळा ते राखलेलं, आणि 1949 साली निवृत्त झालेला हा माणूस केवळ देणं फेडायला पुन्हा रिंगणात उतरला. 1951 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, तरुण रॉकी मार्सियानोने त्याला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाडलं. पुढे पैशासाठी कुस्त्या खेळला. 1953 मध्ये आई वारली, तिने मागे ठेवलेले थोडके पैसेही करातच गेले. ज्या माउलीने व्हायोलिनसाठी पैसे बाजूला काढले होते, तिचे हे शेवटचे पैसे. इथे मी पुस्तक मिटून ठेवलं.

शेवटी लास व्हेगासच्या एका हॉटेलात येणाऱ्यांशी हस्तांदोलन करायची नोकरी मिळाली. तिसरी बायको मार्था, स्वतः वकील, तिने त्याला सांभाळलं. 12 एप्रिल 1981 ला तो गेला.

अंत्यविधीच्या खर्चाचा वाटा कुणी उचलला? श्मेलिंगने! 1954 पासून दोघांची दोस्ती होती. श्मेलिंगच अमेरिकेत येऊन त्याला शोधत घरी गेला होता. हा माणूस कधी नाझी पक्षात गेला नव्हता. इतकंच नव्हे, 1938 च्या नोव्हेंबरात ज्यूंवर हल्ले झाले, तेव्हा त्याने एका ज्यू मित्राची दोन मुलं आपल्या खोलीत लपवली. याची वाच्यता त्याने केली नाही. त्यांतल्याच एकाने 1989 साली ती गोष्ट जगाला सांगितली.

एवढं लिहून सासूबाईंना वाचून दाखवलं. जगज्जेतेपदाचं त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, "ती पोरं वाचली म्हणायची की मग?"

"वाचली. अमेरिकेला गेली. एक तर मोठा हॉटेलवाला झाला."

"बरं झालं बाई," म्हणाल्या आणि पुन्हा जपमाळ हातात घेतली.