संगणकाचे पुनरुज्जीवन : आयबीएम पीसी

जुना मेज-संगणक दुरुस्त करून पुन्हा चालता करणे व त्याची क्षमता वाढविणे यास पुनरुज्जीवन म्हणतात. अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केलेला पर्सनल कॉम्प्युटर (प्रतिमान ५१५०) हे याचे उत्तम उदाहरण होय. त्यात ४·७७ मेगॅहर्ट्झ गतीचा इंटेल ८०८८ हा सूक्ष्मप्रक्रियक, किमान १६ किलोबाइट स्मृती आणि विस्तारासाठी ५ स्लॉट होते.

दीर्घकाळ पडून राहिलेल्या या यंत्रातील टँटॅलम धारित्रांत मंडलसंक्षेप (शॉर्ट सर्किट) होतो व वीजपुरवठा सुरूच होत नाही. सदोष धारित्र शोधून बदलल्यास यंत्र बहुधा चालू होते.

६३·५ वॉटचा मूळ वीजपुरवठा हार्ड डिस्कला अपुरा पडे. त्याऐवजी अत्यल्प वीज घेणारे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड विस्तारपत्राद्वारे जोडता येते. मात्र २७ ऑक्टोबर १९८२ पूर्वीचा बायॉस अशा पत्रावरील कार्यक्रम ओळखत नसल्याने ती चिप बदलावी लागते. ८०८८ च्या जागी एनईसी कंपनीचा व्ही२० बसविल्यास गतीही काहीशी वाढते.

बायॉस व सूक्ष्मप्रक्रियक हे दोन्ही सॉकेटमध्ये बसविलेले असल्याने हे बदल पूर्ववत करता येतात. पत्रा कापून वा मंडलपट्ट्या तोडून केलेले बदल येत नाहीत. यंत्र हे स्वतःच ऐतिहासिक साधन असल्याने काढलेले मूळ भाग जपणे व प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे आवश्यक ठरते.