अंकित चव्हाण

अंकित चव्हाण (जन्म: २८ ऑक्टोबर १९८५, मुंबई) हे भारतीय क्रिकेट खेळाडू आहेत. डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून ते मुंबई संघाकडून रणजी करंडक स्पर्धेत आणि राजस्थान रॉयल्स संघाकडून इंडियन प्रीमियर लीगमध्ये (आयपीएल) खेळले. २०१३ सालच्या स्पॉट-फिक्सिंग प्रकरणात त्यांना अटक झाली. पुढे न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले, तरी क्रिकेट मंडळाने घातलेली बंदी अनेक वर्षे कायम राहिली.

कारकीर्द

२०१२-१३ च्या रणजी हंगामात वानखेडे मैदानावर पंजाबविरुद्ध चव्हाण यांनी एका डावात २३ धावांत ९ बळी घेतले. याच हंगामात मुंबईने रणजी करंडक ४०व्यांदा जिंकला. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांची कारकीर्द खंडित झाली.

अटक व फौजदारी खटला

१५ मे २०१३ रोजी वानखेडे मैदानावर मुंबई इंडियन्स विरुद्ध राजस्थान रॉयल्स हा सामना झाला. त्याच रात्री, १६ मेच्या पहाटेपर्यंत, दिल्ली पोलिसांनी राजस्थानच्या श्रीशांत, अजित चंडिला आणि चव्हाण या तीन खेळाडूंना मुंबईत ताब्यात घेतले. ठरलेल्या षटकात ठरावीक धावा देण्याच्या बदल्यात सट्टेबाजांकडून पैसे घेतल्याचा आरोप तिघांवर होता. संपूर्ण सामन्याचा निकाल न फिरवता त्यातील एखादा भाग आधीच ठरवून घेणे, यास स्पॉट-फिक्सिंग म्हणतात.

आरोपींवर महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा, म्हणजेच 'मोक्का', लावण्यात आला. १९९९ साली महाराष्ट्राने केलेला हा कायदा पुढे दिल्लीतही लागू झाला होता. या कायद्याखाली जामीन मिळणे अतिशय कठीण असते. तथापि चव्हाण यांना विवाहासाठी तात्पुरता आणि १० जून २०१३ रोजी नियमित जामीन मिळाला.

मंडळाची कारवाई

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने रवी सवानी यांच्याकडे चौकशी सोपविली. १३ सप्टेंबर २०१३ रोजी मंडळाच्या शिस्तपालन समितीने श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजीवन बंदी घातली. अमित सिंग यांना पाच वर्षांची, तर सिद्धार्थ त्रिवेदी यांना एक वर्षाची बंदी झाली. हरमित सिंग यांच्याविरुद्ध पुरावा न आढळल्याने त्यांना मोकळे करण्यात आले. चंडिला यांच्यावर जानेवारी २०१६ मध्ये आजीवन बंदी आली.

न्यायालयाचा निर्णय

२५ जुलै २०१५ रोजी दिल्लीच्या पतियाळा हाउस न्यायालयाने तिन्ही खेळाडूंसह सर्व आरोपींना आरोपमुक्त केले. संघटित गुन्हेगारीशी संबंध दर्शविणारा पुरेसा पुरावा आढळला नाही, असे न्यायालयाचे मत पडले. आरोपमुक्ती आणि निर्दोष मुक्तता यांत भेद आहे. निर्दोष मुक्तता खटला चालून साक्षीपुरावे तपासल्यावर होते; आरोपमुक्ती मात्र आरोप निश्चित करण्याच्या टप्प्यावरच, म्हणजे खटला उभा राहण्यापूर्वी, मिळते. दिल्ली पोलिसांनी या निर्णयास उच्च न्यायालयात आव्हान दिले.

मंडळाने बंदी मागे घेतली नाही. शिस्तभंगाची कारवाई ही फौजदारी कारवाईपासून स्वतंत्र असते, अशी मंडळाची भूमिका होती.

बंदीत घट

बंदीविरुद्धचा न्यायालयीन लढा प्रामुख्याने श्रीशांत यांनी लढविला. १५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांची आजीवन बंदी रद्द केली आणि शिक्षेचा फेरविचार करण्यास मंडळास सांगितले. दोषाचा निष्कर्ष न्यायालयाने कायम ठेवला होता. आक्षेप शिक्षेच्या प्रमाणाबाबत होता. मंडळाच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत अशा अपराधास पाच वर्षांपासून आजन्म बंदीपर्यंत शिक्षेची तरतूद असताना, सौम्य वा गंभीर ठरविणाऱ्या परिस्थितीचा विचार न करता थेट कमाल शिक्षा देणे योग्य नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यानंतर लोकपाल न्यायमूर्ती डी. के. जैन यांनी श्रीशांत यांची बंदी सात वर्षांवर आणली.

चव्हाण यांची बंदीही अशाच रीतीने सात वर्षांची करण्यात आली. त्यानुसार ती सप्टेंबर २०२० मध्ये संपली. मात्र मंडळाने तसे त्यांना २०२१ साली कळविले. बंदी आली तेव्हा ते २७ वर्षांचे होते, मुदत संपली तेव्हा ३४ वर्षांचे. फिरकी गोलंदाजाच्या उमेदीचा बहुतेक काळ त्यात गेला.

महत्त्व

फौजदारी न्यायालयात आरोप वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. क्रीडासंस्थेच्या चौकशीत त्याहून कमी प्रमाणाचा पुरावा पुरतो. त्यामुळे एकाच घटनेबद्दल दोन ठिकाणी दोन निर्णय होऊ शकतात, हे या प्रकरणातून स्पष्ट झाले. याच प्रकरणाच्या ओघात न्यायमूर्ती मुद्गल समिती व नंतर न्यायमूर्ती लोढा समिती नेमली गेली, आणि जुलै २०१५ मध्ये चेन्नई सुपर किंग्ज व राजस्थान रॉयल्स हे संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाले.